रिकाम्या ओळीचा रंग

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
१९ जानेवारी

प्रिय सुहाताई,

"परक्या लोकांसाठी पेशी वाढवतीस न्हवं? मग घरच्या माणसानं तुझं काय घोडं मारलंय?"

दिवाळीत फोनवर तू हे विचारलंस आणि फोन ठेवून दिलास. लॅबला जाता-येता बसमध्ये मी त्याचं उत्तर मनात जुळवून बघते. सुरुवात बरी होते, पण 'दाजी' या शब्दापाशी आले की वाक्य मोडतं.

त्यानंतर तू मला ब्लॉक केलंस. आईच्या फोनवर लावला तर तूच आवाज बदलून "सुहास घरी न्हाई" म्हणालीस. ओळखला मी, ताई. फोनवर माणसाला अडवता येतं, पोस्टमनला नाही. म्हणून हे पत्र. फाडलंस तरी पुढचं येईल. पोस्ट ऑफिस माझ्या बसच्या वाटेवरच आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाचून चिडायला नको. दाजींना पेशींचं इंजेक्शन देणाऱ्या त्या सेंटरमध्ये नेऊ नका, हे माझं म्हणणं बदललेलं नाही. मणक्यात सोडणार त्या पेशी कुठून आणतात, कशात वाढवतात, कोण तपासतं, हे मी त्यांना मेल करून विचारलं होतं. उत्तरात एक व्हिडिओ आला. त्यात एक गृहस्थ वॉकर धरून चार पावलं चालतात आणि मागे सनई वाजते. बाकी काही नाही. दाजींच्या उजव्या मांडीत अजून स्पर्श कळतो, मुंग्या येतात, असं तूच सांगितलं होतंस. जी जाणीव शिल्लक आहे ती कुणाच्या अंदाजाने मारलेल्या सुईने जाऊ नये, एवढंच मला वाटतं. तुला वाटतं मी दाजींची आशा तोडते. मला वाटतं मी त्यांची मांडी वाचवते.

आणि 'परक्या लोकांसाठी' म्हणालीस ते मला लागलं. दाजी विजेच्या खांबावर चढले तेव्हा लाईन बंद केली आहे असं खालून सांगितलं होतं, आणि ती बंद नव्हती. ते पडून कमरेखालून लुळे झाले त्या वर्षी मी एम.एस्सी.ला होते. तोवर मला रंगांच्या कारखान्यात नोकरी धरायची होती. आपल्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणखी काय हवं? इथल्या अर्जात 'हाच विषय का?' असा प्रश्न होता. मी अर्धं पान शास्त्रीय कारणं लिहिली. खरं कारण आपल्या बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर झोपलेलं होतं.

मी नक्की काय करते हे तुला कधी नीट सांगितलं नाही. तू सगळ्यांना "आसू शास्त्रज्ञ हाय" म्हणून मोकळी होतेस आणि मी पण ते चालू देते. तर ऐक. स्टेम सेल म्हणजे मोठेपणी काय व्हायचं ते अजून न ठरवलेली पेशी. तिला नुसतं पाणी-साखर देऊन भागत नाही, बसायला नीट जागा लागते. पेशी मी बनवत नाही, जागा बनवते. पेन्सिलीत असतं ना तसल्या कार्बनचा पापुद्रा, डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ. कारल्याच्या वेलाला मांडव घालतेस तसा हा पेशींचा मांडव. मज्जातंतूची पेशी त्यावर धरते का, वाढते का, हे बघायचं. माणसाच्या पाठीपर्यंतचा रस्ता यानंतर सुरू होतो, आणि तो लांब आहे. दिवाळीत मी 'अजून वेळ आहे' म्हणाले ते टाळायला नाही गं.

उत्तर नको देऊस. मांडीत मुंग्या अजून येतात का, एवढं फक्त आईकडून कळव.

तुझी
आसू

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

जांभळा आला! गडद जांभळा!

थांब, क्रमाने सांगते. आमच्याकडे प्लास्टिकची एक प्लेट असते, आप्पेपात्रासारखी, पण खळगे करंगळीच्या टोकाएवढे. तळाला माझा पापुद्रा, त्यावर पेशी. काही दिवसांनी त्यात एक पिवळं पाणी घालायचं. पेशी जिवंत असतील तर त्या पिवळ्याचा जांभळा करतात. जितक्या जास्त पेशी, तितका गडद जांभळा. साध्या प्लास्टिकवरच्या पेशींनी फिकट, कोकमासारखा रंग दिला. माझ्या पापुद्र्यावरच्या पेशींनी पिकल्या जांभळासारखा. देवांग शेजारी उभा होता, तो नुसता "यार... यार..." करत राहिला.

देवांग माझा लॅबमधला सीनियर. इथल्याच प्लेनो गावात वाढला, आई सोलापूरची, त्यामुळे मराठी कळतं आणि चिडला की बोलतोसुद्धा. आमचा पेपर एका चांगल्या जर्नलने स्वीकारलाय. त्याचं नाव पहिलं, माझं दुसरं. पेपर छापून आला की त्याला सांता क्लाराच्या कंपनीत नोकरी जवळपास नक्की. आमच्या गाईड डॉ. डोहर्टी फारशा हसत नाहीत. त्यांनी त्या दिवशी लॅबमध्ये डोनट आणले, यावरून समज.

मग विद्यापीठाच्या बातम्या लिहिणारा माणूस आला. माझ्या हातात प्लेट देऊन "वर धर, उजेडात, आता हस" म्हणाला. हसले. 'पाठीच्या कण्याच्या दुखापतींना नवी आशा' असा मथळा दिला त्याने. अजून उंदरावरही तपासलेलं नाही, हे वाक्य बातमीत आहे, पण अगदी शेवटी. शेवटपर्यंत कोण वाचतं?

मी ज्यांच्याकडे राहते त्या पद्मिनीकाकूंनी परवा त्यांच्या हळदीकुंकवात ती बातमी सगळ्यांच्या फोनवर फिरवली. "आमच्या बेसमेंटमध्ये राहते ती आसावरी, पॅरालिसिसवर औषध शोधलंय तिने!" काकूंचे यजमान राजीवकाका निवृत्त डॉक्टर. ते किचनमधून ओरडले, "शोधलं नाही, शोधतेय!" काकू म्हणाल्या, "तेच ते." बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. मी तिळगुळाची वाटी घेऊन फिरत राहिले. काकूंचं वाक्य दुरुस्त करायला हवं होतं. पण ताई, आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या शिकलेल्या बायका माझ्यासाठी सरकून जागा करत होत्या.

बातमीची लिंक मी दाजींना पाठवली. खाली काही लिहिलं नाही. फक्त त्यांना बघू दे म्हणून.

आपल्या रसवंतीचा सीझन सुरू झाला असेल. चरकाला घुंगरू नवे बांधलेस की आण्णांनी आपल्या लहानपणी बांधलेलेच आहेत?

तुझी
आसू

५ मार्च

ताई,

दाजींनी मला एक फोटो पाठवला. तुला माहीत असेलच, कारण फोटोत भिंतीजवळ तू उभी आहेस.

सेंटरच्या भिंतीवर फ्लेक्स आहे. फ्लेक्सवर मी, हातात प्लेट धरून हसणारी. बाजूला त्यांचे डॉक्टर, आणि खाली 'अमेरिकेतील संशोधनावर आधारित'. दाजींनी लिहिलंय, "मेव्हणीबाई, भिंतीवर चढलात! पाडव्याचा मुहूर्त धरलाय."

मी आधी चिडले. मग कळलं, ती बातमी सेंटरवाल्यांना तूच दाखवलीस. माझ्याशी बोलत नाहीस, आणि मोबाईल पुढे करून "ही माझी बहीण" म्हणालीस. ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि चिडणं अर्धवट राहिलं.

तरी ऐक. ते लोक सुईतून जे देतात त्याचा माझ्या कामाशी काडीचा संबंध नाही. त्यांच्याकडे माझा पापुद्रा नाही, माझ्या पेशी नाहीत, फक्त माझा चेहरा आहे. मी त्यांना मेल केला आहे की फोटो काढा. पाडव्याला दाजींना नेऊ नकोस. तारीख पुढे ढकल. एवढं कर.

लॅबमध्ये काल एक बारीकशी गोष्ट झाली. कदाचित काही नसेल, पाणी बदलायचं राहिलं असेल माझ्याकडून. तपासते आहे. नंतर लिहीन.

आसू

९ मार्च

ताई,

मागच्या पत्रात मी जिला बारीक म्हणाले ती गोष्ट बारीक नाही. तेव्हा माझी हिंमत झाली नाही, आज सगळं लिहिते.

हे पत्र पोस्टातही टाकणार आहे, पण पाडव्याआधी ते कराडला पोचणार नाही. म्हणून पानांचे फोटो काढून दाजींच्या फोनवर पाठवते आहे. दाजी, तुम्ही वाचू नका, ताईला द्या. (वाचणारच तुम्ही, मला माहीत आहे. वाचा मग. पाठ तुमचीच आहे.)

आमच्याकडे पाणी घालायला आठ तोंडांची पिचकारी असते. एकदा दाबली की प्लेटची अख्खी ओळ भरते. त्या दिवशी पेशी कमी पडल्या आणि शेवटची ओळ तशीच राहिली. तळाला पापुद्रा, वर पेशी नाहीत. संध्याकाळी ती फेकायचीच होती. पण हाताला सवय. पिवळं पाणी घालताना पिचकारी त्या ओळीवरही दाबली गेली. दुपारी इन्क्युबेटरमधून प्लेट काढते तर ती ओळ जांभळी.

जिथे जिवंत काहीच नाही तिथे जिवंतपणाचा रंग.

तुला हे कुणापेक्षाही लवकर कळेल, म्हणून आपल्याच भाषेत सांगते. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाआधी आण्णा चरक ऊस न घालता फिरवायचे, नुसतं पाणी सोडून. खाली ग्लास धरायला तू मला सांगायचीस. ग्लासात स्वच्छ पाणी आलं तर ठीक. हिरवट आलं तर तो कालचा रस, धुवा परत. आम्ही ऊस न घालता चरक फिरवून बघितलाच नव्हता. पेशींनी दिला म्हणून ज्या रंगावर आम्ही नाचलो, त्यातला बराचसा माझा पापुद्राच देतो. पिवळ्या पाण्याशी त्याची स्वतःचीच रासायनिक क्रिया होते.

अशी चूक झाली कशी? आम्ही केमिस्ट्रीवाले. पेशी मोजायची पद्धत शेजारच्या बायोलॉजीच्या लॅबकडून जशीच्या तशी उचलली. ते तुलनेला रिकामा खळगा ठेवतात, पण त्यांचा रिकामा म्हणजे नुसतं प्लास्टिक. त्यांच्याकडे पापुद्रा नसतोच, मग त्यांना प्रश्न का पडेल? आमचा रिकामा खळगाही आम्ही तसाच ठेवला, पापुद्र्याविना. पापुद्रा काय करू शकतो हे बायोलॉजीवाल्यांना माहीत नव्हतं. आम्हाला माहीत असायला हवं होतं, ते तर आमचं शिक्षण. पण पेशींचं काम म्हटलं की आम्ही त्यांच्यापुढे मान खाली घालतो.

सगळी पाणी, पावडरी नव्याने बनवून मी परत केलं. परत जांभळा. मग देवांगला दाखवलं.

तो बराच वेळ प्लेट हातात फिरवत होता. मग म्हणाला, "यार आसावरी, कुणीच असं चेक करत नाही. रिव्ह्यूअर्सनी पण विचारलं नाही. फायनल प्रूफ आलंय, आपण सगळ्यांनी ओके दिलं की छापून येईल. तू आता हे ओपन करणार?"

"ओपन नाही करत. ते उघडंच आहे, आपण बघितलं नव्हतं."

"थोडा इफेक्ट तर असेल ना? सगळा कलर काही फिल्मचा, म्हणजे तुझ्या पापुद्र्याचा नाही."

"किती आपला, किती फिल्मचा, सांग."

तो एकदम मराठीत बोलला, "मी आईला सांगितलंय नोकरी लागली म्हणून." मला त्याचा राग येईना, ताई. मीही दाजींना लिंक पाठवलीच होती ना.

जेवताना राजीवकाकांना सांगितलं. काका म्हणाले, "हे बघ, पेपर आधी येऊ दे. नंतर करेक्शन छापता येतं, लोक छापतात. आत्ता गाईडला खिंडीत गाठू नकोस. तुझा पगार, व्हिसा, सगळं तिच्या हातात आहे."

काकूंनी पोळी वाढता वाढता हात थांबवला. "अहो, तिच्या घरी माणूस पडून आहे, आणि तुम्ही व्हिसा काय सांगता!"

"मी पण माणसाचंच बोलतोय. ही घरी परत गेली तर त्यांना कोण आहे?"

"ते तिला कळतं." मग माझ्याकडे वळून काकू म्हणाल्या, "पण मी त्या बायकांना सांगून बसले, त्याचं काय आता?"

"सांगा, चुकलं म्हणून."

"मी नाही हं सांगायची! पुढच्या वेळी तू ये आणि तूच सांग."

मी येईन म्हणाले.

काकांचं म्हणणं खोटं नाही. करेक्शन छापतात. पण ते छापून येईपर्यंत पाडवा होऊन जाईल. आणि त्या भिंतीवर करेक्शन कोण चिकटवणार? मी तिथे ज्याच्याकडे बघून हसते आहे तो रंग खोटा आहे. एवढे दिवस मी तुला म्हणत होते की सेंटरचा माझ्याशी संबंध नाही. मला धरून ठेवायला सोपं होतं ते. संबंध आहे. माझ्या हसण्यावर विश्वास ठेवून तू तारीख घेतलीस.

उद्या सकाळी डॉ. डोहर्टींकडे जाणार आहे. सोबत त्या प्लेटचा फोटो पाठवते. वरच्या ओळीत पेशी आहेत, खालच्या ओळीत नाहीत. तूच बघ, फरक ओळखता येतो का.

तुझी
आसू

२३ मार्च

प्रिय ताई,

काल तुझा फोन आला. खरं तर आता हे पत्र लिहायची गरज नव्हती. पण फोनवर मी अर्धंच बोलू शकले, आणि मधल्या दिवसांत काय झालं ते तू विचारलं नाहीस. म्हणून लिहिते.

डॉ. डोहर्टींनी माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. प्लेट उजेडात धरली, चष्मा काढून परत बघितली. मग विचारलं, "देवांगला माहीत आहे?" हो म्हणाले. "तू एकटी परत करू नकोस. तो करू दे आणि तू बघ. मग तू कर आणि तो बघेल." एवढंच. ना शाबासकी, ना राग.

देवांगने केलं. माझ्याशी एक शब्द न बोलता, पण कुठेही हात न राखता केलं. रिकामी ओळ त्याने स्वतःच्या हाताने ठेवली. ती जांभळी झाली तेव्हा तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "शिट. तू बरोबर होतीस." मग पिवळ्या पाण्याचा नाद सोडून आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पेशी एकेक करून मोजल्या. साध्या प्लास्टिकवर जेवढ्या, पापुद्र्यावर त्याहून जरा जास्त. जरा. इतक्या कमी फरकावर कुणी 'नवी आशा' लिहीत नाही.

डॉ. डोहर्टींनी आम्हा दोघांना बोलावलं. त्या म्हणाल्या, एक रस्ता असा आहे की पेपरमधलं जांभळ्या रंगाचं चित्र काढून टाकायचं आणि पेपर नुसता पदार्थाचा म्हणून छापायचा. पापुद्रा कसा बनवला, किती पातळ, वगैरे. त्यात खोटं काही नाही. देवांगची नोकरी वाचेल, माझी डिग्री वेळेत होईल. मी विचारलं, "मथळ्यातून 'स्टेम सेल' काढायचं?" त्या म्हणाल्या, "ते काढलं तर हे जर्नल घेणार नाही." म्हणजे मथळा राहणार. आणि भिंतीवर मथळाच लावतात.

मी विचार करायला दोन दिवस मागितले. खोटं कशाला सांगू, ते दोन दिवस मी त्या रस्त्याकडे चांगलीच बघत होते. घरी येऊन आईला साडी, तुला मिक्सर, 'डॉक्टर आसावरी' असा रसवंतीवर बोर्ड, सगळं डोळ्यांसमोर आणून बघितलं.

मग काल सकाळी फोन वाजला. मागे घुंगरू वाजत होते, म्हणजे चरक चालू होता. तू "हॅलो" सुद्धा म्हणाली नाहीस.

"वाचलं. ऊस न घालता मशीन फिरवायचं तू मला सांगतीस व्हय? मीच शिकवलंय तुला."

"हो, ताई."

"मग तिथं का इसरलीस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू फसवलंस आसं न्हाई म्हनत मी. पन त्या जांभळ्यावर जगलो आमी एवढं दिस. तुझा फोटू फ्रिजला चिकटवलाय. उठलं की ह्यांना दिसतोय. आता तिथं काय चिकटवू, सांग."

मी रडले हे तुला कळलं असेल. तू रडलीस हे मला कळलं. गिऱ्हाइक "दोन फुल, बर्फ कमी" म्हणून ओरडत होतं आणि तू त्याला "थांब की रं, मरतोस व्हय!" म्हणालीस, तेव्हा तुझा आवाज चिरकला.

मग दाजींनी फोन ओढून घेतला. "मेव्हणीबाई, माझं बी मत हाय. पायजे का कुणाला?" पुढचं तू ऐकलंसच, पण मला ते लिहून ठेवायचंय. दाजींनी सेंटरला स्वतः फोन लावला होता. पेशी कुठल्या, कशात वाढवल्या, रिकामी ओळ ठेवली होती का, असं विचारलं. तिकडची मुलगी म्हणाली, "सर, मुहूर्त चुकवू नका." त्यावर दाजी म्हणाले, "मग मुहूर्तालाच द्या इंजेक्शन. त्याच्याच मणक्यात." आणि ठेवून दिला. हे सांगताना ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग हसू ओसरल्यावर हळूच म्हणाले, "उभं ऱ्हावंसं वाटतंय गं. रोज वाटतंय. पन मांडीत मुंग्या येत्यात, त्या माझ्या खऱ्या हायत. त्या न्हाई देत कुनाला."

शेवटी परत तू. "त्यांनी न्हाई म्हटलंय. मी आजून न्हाई म्हटल्यालं न्हाई, ध्यानात ठेव. आनि तुझा फोटू उतरवला सेंटरच्या भिंतीवरनं. मीच गेल्ते. म्हटलं आमच्या पोरीचं तोंड हाय ते, फुकटचं न्हाई." आणि ठेवलास फोन. पण ब्लॉक काढलेला आहे, मी बघितलं.

तू मला माफ केलेलं नाहीस हे मला माहीत आहे. सेंटरचा विचार तुझ्या डोक्यातून पूर्ण गेलेला नाही, हेही माहीत आहे. सेंटरच्या बदल्यात मी तुला देऊ शकेन असं माझ्याकडे आज काहीही नाही, तेव्हा तुला दोष देत नाही. पण इथून पुढे माझ्या नावावर कुणी तारीख घेणार असेल, तर त्या नावाखाली खरंच काहीतरी असलं पाहिजे.

तुझा फोन संपला आणि मी लॅपटॉप उघडला. पेपर छापायला सगळ्या लेखकांचा होकार लागतो. मी संपादकांना लिहिलं की माझा होकार नाही. मोजण्याची पद्धत चुकली होती, कशी चुकली, रिकाम्या ओळीचे फोटो सोबत जोडले आहेत, आम्ही पेपर मागे घेत आहोत. पाठवण्याआधी मजकूर डॉ. डोहर्टी आणि देवांग दोघांना दाखवला. डॉ. डोहर्टींनी एक स्वल्पविराम बदलला आणि "पाठव" म्हणाल्या. देवांगचं उत्तर तासाभराने आलं: "माझं पण नाव घाल खाली." सांता क्लाराला त्याने आपणहून कळवलं. ते काय म्हणतात ते अजून कळायचंय. त्याच्या आईशी तो काय बोलला ते मी विचारलं नाही.

मेल गेला. विद्यापीठाची बातमीही साइटवरून उतरली, आता त्या पानावर 'सापडत नाही' असं येतं. डिग्री वर्षभर तरी पुढे गेली. राजीवकाकांनी ऐकून मान हलवली, आणि काकूंनी एप्रिलच्या भिशीला मला बोलावलंय. त्या बायकांसमोर उभी राहून मीच सांगायचं असं ठरलं होतं, ते त्या विसरलेल्या नाहीत.

आज रविवार, पण मी लॅबमध्ये जाऊन आले. नवी प्लेट लावली. पापुद्रा आणखी पातळ केलाय, आणि मोजायला आता पिवळं पाणी नाही. पहिल्या ओळीत पापुद्रा घातला आणि पेशी घातल्याच नाहीत. पेशी दुसऱ्या ओळीपासून. झाकणावर तारीख घातली, झाकण लावलं, आणि प्लेट उबेला ठेवून बसने घरी आले.

तुझी
आसू